भाडेकरूंचं बेट

क्रिस्टियान्सो बेटावर घर विकत मिळत नाही. पैशाच्या थैल्या घेऊन जा, ओळखी लावा, तुमच्या खापरपणजोबांचा जन्म तिथला असल्याचा दाखला दाखवा, उत्तर बदलत नाही. बेटावरचं एकूण एक घर, तटबंदी, शाळा, दीपस्तंभाचा बुरूज, सगळं डेन्मार्क सरकारच्या मालकीचं आणि तेही संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतलं. तिथे बारमाही राहणारी नव्वदच्या आसपास माणसं झाडून सगळी भाडेकरू. बेटाचा सरकारने नेमलेला कारभारीसुद्धा बदली झाली की किल्ली ठेवून निघतो.

मी कोकणातली. आमच्याकडे माणूस ओळखायचा तो घरावरून, घर ओळखायचं ते आडनावावरून, आणि भांडण ओळखायचं ते बांधावरून. त्यामुळे ज्या गावात कुणाचंच काही नाही ते गाव चालतं तरी कसं, एवढं एकच कुतूहल घेऊन मी तिथे गेले. निसर्गसौंदर्य वगैरे नंतर.

जाण्याचा रस्ता मजेशीर आहे. कोपनहेगनहून निघायचं, पूल ओलांडून स्वीडनमध्ये शिरायचं, इस्टाद बंदरापर्यंत स्वीडनमधूनच जायचं, तिथून फेरीबोटीने बॉर्नहोम बेटावरचं रोन्ने, मग बेट आडवं कापून पलीकडच्या किनाऱ्यावरचं गुड्येम, आणि तिथून तासाभराची शेवटची बोट. म्हणजे डेन्मार्कहून डेन्मार्कला जाताना वाटेत परदेश लागतो. गुड्येमच्या बोटीत माणसं कमी आणि खोकी जास्त होती: दुधाचे क्रेट, रंगाचे डबे, कुणाची तरी नवी खुर्ची प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, टपालाच्या पिशव्या. बॉर्नहोमच्या ईशान्येला अठराएक किलोमीटरवर हा खडकांचा पुंजका आहे, एर्थोल्मेना नावाचा. त्यातला क्रिस्टियान्सो सगळ्यात मोठा, आणि मोठा म्हणजे बावीस हेक्टर, आपल्या हिशेबाने पंचावन्न एकर. आमच्या गावातल्या एका खोताकडे पूर्वी याहून जास्त जमीन होती. शेजारी चिमुकला फ्रेडरिक्सो, मध्ये अरुंद खाडी आणि तिच्यावर पादचारी पूल. शिडाची बोट आली की तो बाजूला फिरवायचा. तिसरा ग्रेसहोम पक्ष्यांसाठी राखीव, तिथे माणसाने पाऊल ठेवायचं नाही.

मोटार नाही. कुत्रा नाही, मांजर नाही. पाळायला बंदीच आहे. त्याचं कारण धक्क्यावरून वर चढताना दहाव्या पावलाला कळलं. दगडी पायरीच्या कडेला, गवताच्या झुबक्यात, एक तपकिरी बदक बसलं होतं. आयडर जातीची मादी. मी इतकी जवळून गेले की माझ्या पिशवीचा बंद तिच्या डोक्यावरून गेला असेल, पण ती हलली नाही. अंगावर बारीक काळ्या रेघांची नक्षी, चोच सरळ कपाळातून उतरलेली, डोळा माझ्यावर. खाली स्वतःच्याच छातीची पिसं उपटून केलेली करड्या कापसाची गादी. ती साधारण पंचवीस दिवस अशी बसते, जवळजवळ उपाशी. नर काळापांढरा, रुबाबदार, आणि अंडी घालून झाली की समुद्रावर पसार. या बेटांवर आयडर मोठ्या संख्येने घरटी करतात. मेमध्ये बेटावरची माणसं वाट वाकडी करून चालतात. एका घराच्या दारातच एक मादी बसली होती, तर घरवाल्यांनी दाराला दोरी बांधून मागच्या दाराने ये-जा सुरू केली होती. भाडेकरूच्या घरात पोटभाडेकरू.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण घरांच्या मालकीचा उलगडा त्यातच आहे. डेन्मार्क आणि स्वीडन यांचं हाडवैर होतं. १६८० साली स्वीडनने कार्ल्सक्रोना इथे नवा नाविक तळ उभारला. त्याच्यावर डोळा ठेवायला डेन्मार्कच्या पाचव्या क्रिस्टियान राजाने १६८४ मध्ये या खडकावर किल्ला बांधायला घेतला. शेती नाही, रान नाही, वस्ती म्हणावी अशी नाही. म्हणजे इथे आधी गाव होतं आणि मग किल्ला आला असं झालं नाही. आधी किल्ला, मग सैनिक, मग सैनिकांच्या बायकापोरांसाठी बराकी. एका लांबलचक पिवळ्या रांगेत त्या अजून उभ्या आहेत, आणि त्या रांगेचं नाव नुसतं ‘रस्ता’. दुसरा रस्ताच नसल्यावर वेगळं नाव कशाला हवं? ग्रॅनाइटच्या फटींत माती नव्हती, तर ती बॉर्नहोमहून होड्यांनी आणून परड्यांत पसरली असं सांगतात. वाऱ्याला अडवणाऱ्या त्या दगडी कुंपणांच्या आत आज अंजिराची आणि तुतीची झाडं आहेत. बाल्टिक समुद्रात अंजीर, हे मला आधी खरं वाटलं नव्हतं.

१८०८ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने इथे तोफा डागल्या. १८५५ मध्ये शिबंदी उठली. किल्ला निरुपयोगी झाला, पण सैनिकांपैकी काही जण, त्यांची पोरं, मासेमारी आणि गलबतांना वाट दाखवण्याचं काम करत तिथेच राहिली. घरं राजाची होती, ती सरकारची झाली आणि राहिली. १९२६ पासून सगळ्याच इमारती संरक्षित वारसा आहेत. खिडकीचा रंगसुद्धा मनाला येईल तो देता येत नाही.

इथे एक आडवळण घेते, मराठी वाचकाला ते आवडेल. ज्या पाचव्या क्रिस्टियानने हा किल्ला बांधला त्याच्याच राज्याची एक वखार तेव्हा आपल्याकडे, तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला होती. १६२० मध्ये तंजावरच्या नायक राजाकडून डेन्मार्कवाल्यांनी ती जागा घेतली होती, सालाना रक्कम भरण्याच्या बोलीवर. पुढे तंजावर शिवाजी महाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजी यांच्याकडे आलं, आणि १६८४ मध्ये गादीवर त्यांचे पुत्र शहाजीराजे बसले. म्हणजे ज्या वर्षी डेन्मार्कचा राजा बाल्टिकमधल्या खडकाचा मालक म्हणून तोफा चढवत होता, त्याच वर्षी तंजावरच्या मुलखात तो भोसल्यांचा भाडेकरू होता. १८४५ मध्ये त्यांनी तरंगंबाडी इंग्रजांना विकली. जागा भाड्याची असताना विकली कशी, असा प्रश्न फक्त आपल्यासारख्या माणसालाच पडणार.

तर बेटाचा कारभार. एर्थोल्मेना कोणत्याही नगरपालिकेत मोडत नाही, कोणत्याही प्रांतात नाही. डेन्मार्कमध्ये माणूस उत्पन्नाच्या साधारण चौथा हिस्सा एकट्या स्थानिक कराचा भरतो. तो कर इथे नाही. ऐकायला झकास. पण नगरपालिका नाही म्हणजे तिची निवडणूकही नाही. संसदेसाठी ही माणसं मत देतात, गावासाठी नाही. बंदर, पाणी, वीज, दुरुस्ती, घरांचं वाटप, सगळं कारभाऱ्याच्या कचेरीतून चालतं, आणि कारभारी नेमतं मंत्रालय. माणसं त्याच्याशी बोलतात, भांडतात, वर पत्रं लिहितात, पण त्याला मतपेटीने घरी बसवू शकत नाहीत.

आणि याच बेटावर डॉ. याकोब डाम्पे होता. हा कोपनहेगनचा विद्वान, राजाची अनियंत्रित सत्ता संपवून राज्यघटना आणावी म्हणणारा. १८२० मध्ये त्याला पकडलं, फाशी सुनावली, मग ती जन्मठेपेवर आणली. १८२६ ते १८४१, पंधरा वर्षं, त्याला एर्थोल्मेनावर एकांतात ठेवलं. त्याचा तुरुंग फ्रेडरिक्सोवर अजून आहे. १८४८ मध्ये त्याला माफी मिळाली, दुसऱ्याच वर्षी डेन्मार्कला घटना मिळाली. ज्या खडकावर लोकशाही मागणाऱ्याला डांबलं, तिथे अजून सरपंच निवडता येत नाही, याचं तिथल्या कुणाला फारसं काही वाटत असल्याचं मला दिसलं नाही. मला वाटलं. करमाफीच्या बदल्यात मत सोडून देणं हा सौदा मी तरी केला नसता, असं मी तिथे एकीला म्हणाले. ती म्हणाली, “नव्वद माणसांत निवडणूक घेतली तर हिवाळाभर कोण कुणाशी बोलणार?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंचेचाळीस मतदारांच्या वाडीत ग्रामपंचायतीनंतर दोन वर्षं एकमेकांच्या लग्नाला न गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

ही बाई मी उतरले होते त्या खानावळीत न्याहारी वाढायची. बेटावर एकच सराय आहे. पहिल्या सकाळी तिने पावावर मसाल्यात मुरवलेला हेरिंग मासा वाढला. गोडसर, लवंगेचा वास येणारा, इथली खासियत. दुपारी धक्क्यावर बोट लागली तेव्हा दोर झेलायला तीच उभी. संध्याकाळी शाळेपाशी एका पोराला सायकलची साखळी बसवून देतानाही तीच. मला आधी वाटलं बहिणी असतील. मग लक्षात आलं की हे सगळ्यांचंच आहे. शाळेत शिकवणारा गवंड्याच्या हाताखाली जातो, गवंडी आग विझवणाऱ्या पथकात असतो. बाहेरून बंब यायला समुद्र ओलांडावा लागतो, तेव्हा तो येणार नाही हे धरूनच चालायचं. एकेका माणसाला तीनतीन टोप्या.

घर मिळतं ते कामाबरोबर. शिक्षक पाहिजे, दुकान चालवणारा पाहिजे, सुतार पाहिजे, अशा जाहिराती निघतात. नोकरी आणि घर अशी जोडी असते. कोण आलं तर कोणतं घर द्यायचं हे कचेरी ठरवते, आणि लहान मुलं असलेलं कुटुंब आलं तर सगळेच खूश, कारण शाळा त्यावर तगते. शाळेत मुलं बोटांवर मोजण्याइतकी. एक कुटुंब उठून गेलं तर वर्ग निम्मा. वरच्या इयत्तांसाठी मुलांना बॉर्नहोमला जाऊन राहावं लागतं, आणि तेव्हा काही आईबापही मागोमाग निघतात. बेटाला सगळ्यात मोठी भीती वादळाची नाही, याची आहे.

मला हे ऐकताना आमचं घर आठवत राहिलं, ते सांगायलाच हवं. देवगड तालुक्यात, चिऱ्याचं, चौपाखी, माजघरात बारा माणसं झोपतील असं. सातबाऱ्यावर सतरा नावं. मुंबई, पुणे, बडोदा, एक टोरोंटोला, एक मी. गणपतीत पाच दिवस उघडतं, मेमध्ये आंब्यापुरतं, बाकी वर्षभर कुलूप. वाडीतली अशी घरं मोजायला बसलं तर उघडी लवकर संपतात. तिथल्या शाळेत नवे मास्तर आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. ते तालुक्याहून रोज एसटीने ये-जा करत. वाडीत बंद घरं ढिगाने होती, पण द्यायला कुणी तयार नाही. माझ्या चुलतभावाने कारण स्वच्छ सांगितलं: “बसला तर उठवणार कोण?” कुळकायदा झाला त्याला सत्तर वर्षांवर होऊन गेली, पण ‘कसेल त्याची जमीन’ या तीन शब्दांचा धसका आमच्या घराण्याच्या हाडांत अजून आहे. मालकी शाबूत राहिली. घर वाळवीने खाल्लं.

डेन्मार्कच्या इतर बेटांनाही हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. तिथल्या सत्तावीस लहान बेटांची १९७४ पासून एक संघटना आहे, आणि तिच्या काळजीचे विषय ओळखीचे वाटतात: शाळा बंद होणं, बोटीच्या फेऱ्या, आणि शहरी लोकांनी घेतलेली, वर्षाचे दहा महिने अंधारात असणारी घरं. म्हणून तिकडे बारमाही घरांवर राहण्याची सक्ती लावता येते: घर घेतलंत तर राहा, नाहीतर राहणाऱ्याला द्या. मालक त्यातून पळवाटा काढतात, नगरपालिका कधी डोळेझाक करते. क्रिस्टियान्सोवर हा खेळच नाही. कुलूपबंद घर मला तिथे सापडलं नाही. शोधलं मी, संध्याकाळी ‘रस्त्या’च्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडक्या बघत फिरले. दिवे होते, एका खिडकीत चुलीवरचं भांडं दिसत होतं, एका ओट्यावर गमबूट उलटे करून सुकत ठेवले होते.

हे सगळं फार गोड वाटू नये. माणसाला घर लागतं ते अडीअडचणीचा आधार म्हणूनही. इथे आयुष्यभर भाडं भरून हातात काही उरत नाही. मुलांना द्यायला घर नाही, विकून म्हातारपण काढायला घर नाही. आणि काम सुटलं की राहण्याचा पाया हलतो. मासेमारीचं उदाहरण ताजं आहे. शे-दीडशे वर्षं बेट ज्या माशांवर जगलं त्यातला कॉड इतका आटला की पूर्व बाल्टिकमध्ये त्याची मासेमारी २०१९ मध्ये बंदच करावी लागली. बंदरात आता मासेमारीच्या होड्यांपेक्षा हौशी शिडाच्या बोटी जास्त. कोळी म्हणून ज्यांच्या पूर्वजांना राहू दिलं त्यांची नातवंडं आज तट सांधतात, तिकिटं फाडतात, पक्षी मोजायला आलेल्या अभ्यासकांना डबा देतात. बेटाला सगळ्यात जास्त रोजगार देतो तो भग्न होत राहणारा किल्लाच. दगड निखळत राहिले तोवर गवंडी लागणार, गवंडी लागला तोवर घरात दिवा.

उरलेलं उत्पन्न उन्हाळ्यातल्या पाहुण्यांचं. वर्षाला चाळीस हजारांच्या घरात माणसं येतात असं म्हणतात. बहुतेक सगळी सकाळच्या बोटीने येऊन दुपारच्या बोटीने परत. तेवढे तीनचार तास बेट जत्रेसारखं असतं. लोक लोकांच्या खिडक्यांत डोकावतात, परड्यांचे फोटो काढतात, कुणीतरी विचारतंच की इथे खरंच माणसं राहतात का. शेवटची बोट सुटली की दहा मिनिटांत सगळ्या घरांची दारं उघडतात आणि माणसं पेले घेऊन बाहेर येऊन बसतात. मी मुक्कामाला असल्याने मला हे बघता आलं. धक्क्याच्या बाकावर त्या दिवशीचा विषय होता: कचेरीने मागवलेला पिवळा रंग आधीच्या पिवळ्याशी जुळत नाही. त्यावर तासभर चर्चा झाली. एकाने डब्याचं झाकण उघडून भिंतीला धरून दाखवलं. दुसऱ्याचं म्हणणं, वाळल्यावर जुळेल. तिसऱ्याने ‘तुझं घर नाहीये ते’ असं टोचल्यावर तो म्हणाला, “तुझं तरी कुठे आहे?” आणि सगळे हसले. पण रंगावरचा वाद थांबला नाही. ज्या भिंतीचा एक दगडही आपला नाही तिच्या रंगासाठी इतकं तावातावाने भांडणारी माणसं मी आधी पाहिली नव्हती. आमच्या घराच्या भिंतीला शेवटचा हात कधी दिला, यावर सतरा हिस्सेदारांचं एकमत होणार नाही.

गावी गेले की पाणंदीत भेटणारी पहिली म्हातारी मला विचारते, “कोणाचा चेडू गो तू?” आजोबांचं नाव सांगितलं की ती माझा सगळा हिशेब लावते: घर कुठलं, भाऊबंद कोण, वाकडं कुणाशी. तिथे मी काय करते हा प्रश्न फार नंतर येतो, कधीकधी येतच नाही. क्रिस्टियान्सोवर मला कुणीच विचारलं नाही की मी कुठली, कोणाची. आधी मला ते तुटक वाटलं. शेवटच्या संध्याकाळी त्या न्याहारीवाल्या बाईने विचारलं तो प्रश्न वेगळाच होता.

“तुला काय काय येतं?”

मी म्हटलं, संगणकाचं काम. ती म्हणाली, ठीक, पण त्याला इथे एक माणूस आहे. होडी? नाही. लाकूडकाम? नाही. चुना-दगड? नाही. मुलं शिकवशील? तुमच्या भाषेत नाही जमणार. ती बोटं मिटत चालली होती आणि मला मुलाखतीत नापास होत असल्यासारखं वाटायला लागलं.

“स्वयंपाक?”

“तो येतो.”

“किती जणांचा?”

“पन्नास-साठ. गणपतीत आमच्याकडे तेवढी पानं उठतात.”

तिने मिटलेलं एक बोट उघडलं. जुलैत खानावळीला हात कमी पडतात, म्हणाली, पण मासळी साफ करावी लागेल. मी म्हटलं, बाई, मी देवगडची आहे. देवगड म्हणजे काय ते तिला कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. “सुरी स्वतःची आण,” म्हणाली.